सातव्या कप्प्याचं दार

"दार लाव, कोयंडे," चीफ रावराणे ओरडले आणि मी दारावर खांदा घातला.

गुरुवार होता, सकाळचे सव्वादहा वाजले होते. वरून टाकलेला तिसरा बॉम्ब आमच्या शेपटापाशी फुटला होता आणि सातव्या कप्प्यात समुद्र शिरला होता. पाणबुडीत असे कप्पे एकामागे एक असतात. मध्ये जाड पोलादी भिंत आणि त्या भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं गोल दार. मी सहाव्यात, मोटरींजवळ, आणि सातव्याच्या दाराची जबाबदारी माझी. दाराचा नियम शाळकरी पोरालाही कळेल असा होता. आतलं पाणी दाराच्या उंबऱ्याला लागेपर्यंत दार माणसांचं. येतील तितकी येऊ द्यायची. उंबऱ्याला पाणी लागलं की दार बोटीचं. मग आत सख्खा भाऊ असला तरी लिव्हर खाली ओढायचा.

आत सख्खा भाऊ नव्हता. जनार्दन टिकम होता, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. जनू आणि मी तळाशीलच्या एकाच वाळूत वाढलो, एकाच रापणीचं जाळं ओढत मोठे झालो. त्याला नौदलात मी ओढला आणि मंजुळाही त्याला मीच दिली. लढाईची हाकाटी झाली तेव्हा ती मला म्हणाली होती, "दादा, येताना त्यांका वांगडाच घेवन ये." मी म्हणालो होतो, "वांगडा नाय तर काय पोस्टान धाडतलंय?" तेव्हा सगळ्यांनाच हसू आलं होतं.

सातव्यात पाच जण होते. स्फोटाच्या हिसक्याने टॉर्पेडोची रांग कलंडली आणि चौघं तिच्याखाली चेंगरले. एकाचं डोकं मी पाहिलं, ते डोकं राहिलं नव्हतं. जनू तेवढा मोकळा होता. तो कमरेएवढ्या पाण्यातून दाराकडे येत होता. पाणी उंबऱ्यावरून आमच्याकडे आलं, चीफ ओरडले आणि मी दार ढकललं. जनूने डावा हात फटीत घातला. मी दार मागे घेतलं नाही. लिव्हर खाली खेचताना हाडं मोडल्याचा धक्का माझ्या खांद्यापर्यंत आला. चार बोटं आमच्या बाजूला, पायाखालच्या लोखंडी जाळीवर पडली. सेबॅस्टियन नावाचा आमचा इलेक्ट्रिशियन तिथेच ओकला. चीफनी बोटं उचलली, पुसायच्या चिंध्यांत गुंडाळली आणि मोटरीमागे ठेवून दिली.

अहवालात हे असंच लिहिलेलं आहे. मीही ते वर्षानुवर्षं असंच सांगत आलो.

बोट तळाला जाऊन चिखलात बसली. वर शत्रूची दोन जहाजं गिधाडांसारखी घिरट्या घालत होती. त्यांच्या पाण्यातल्या पंख्यांचा आवाज पोलादातून आमच्या दातांत यायचा. कॅप्टन बलसारांनी हुकूम दिला की कुणी चप्पल वाजवायची नाही, कुणी खोकायचं नाही, भांड्याला भांडं लागलं तरी खैर नाही. मग ते स्वतः सहाव्यात आले. पारशी माणूस, गिरगावात वाढलेला. माझ्याशी मुंबईचं मराठी बोलायचा. दाराशेजारी एक पितळी नळी होती, सातव्याशी बोलायची, तिला झाकण. तिच्याकडे बोट दाखवून ते हळूच म्हणाले, "कोयंडे, नीट ऐक. आत एक जरी माणूस जिवंत असला तर मी आत हवा सोडतो, पाणी खाली दाबतो आणि दार उघडून त्याला काढतो. आवाज होणार. वरचे ऐकणार आणि आपल्या डोक्यावर टाकणार. पण माझ्या माणसासाठी तेवढं मी करीन. आता कान लाव आणि सांग."

मी झाकण उघडून कान लावला. मग झाकण बंद केलं.

"कोणी नाही, सर. पाणी आहे फक्त."

कॅप्टननी चीफकडे पाहिलं. चीफनी जाळीकडे पाहिलं. "ठीक आहे," कॅप्टन म्हणाले आणि टोपी काढून एक मिनिट उभे राहिले.

आमच्याकडे दर तासाला हजेरी असते. मधल्या कप्प्यातून स्पीकरवर हाक येते आणि प्रत्येक कप्प्याने ताबडतोब ओ द्यायची: अमुक कप्पा, सर्व ठीक, माणसं इतकी. ताबडतोब म्हणजे ताबडतोब. वर्षभर आमच्याकडून हे घोटून घेतलं होतं. झोपेत हाक मारली तरी माणूस आधी ओ द्यायचा आणि मग जागा व्हायचा. ज्याला उशीर झाला त्याची आठवडाभर बिल्जमधली, म्हणजे बोटीच्या बुडातली, घाण काढण्यावर नेमणूक. त्यामुळे आमच्या घशांना आमची परवानगी लागायची नाही.

अकरा वाजता हजेरी झाली, अगदी कुजबुजत. पहिला, सर्व ठीक. दुसरा, सर्व ठीक. असं करत सहावा. चीफनी सांगितलं, "सहावा, सर्व ठीक, माणसं पाच." आम्ही पाच होतो: चीफ, मी, सेबॅस्टियन, बिहारचा पांडे आणि भुल्लर म्हणून एक दांडगा पंजाबी. मधल्या कप्प्याने सवयीने पुढची हाक मारली असती, पण तिथला हाक मारणारा बिचारा थांबला. तेवढ्यात स्पीकर आपणहून खरखरला.

"सातवा, सर्व ठीक, माणसं पाच."

आवाज जनूचा होता. तसाच, शेवटचा शब्द थोडा ओढणारा. मधल्या कप्प्यातून कुणीतरी दबक्या आवाजात शिवी दिली आणि ही कसली मस्करी म्हणून विचारलं. चीफनी पक्कड घेतली, सातव्याकडे जाणारी तार शोधली आणि तोडली. दोन्ही टोकं आमच्यासमोर लोंबत होती.

पंधरा मिनिटांनी त्याच स्पीकरवर हाक आली. "पांडे."

"जी," पांडे म्हणाला. दुसरं काय म्हणणार? हाक आली, ओ गेली.

मग त्याने आमच्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे मोठे होत गेले. तोंड उघडलं आणि त्यातून पाणी आलं. घोटभर नव्हे. नळ सोडल्यासारखं यायला लागलं, नाकातून, तोंडातून, थंडगार, खारं, वाळू मिसळलेलं. भुल्लरने त्याला उलटा धरला, चीफनी पाठीवर बुक्के मारले. तो कोरड्या जाळीवर हात मारत होता, पोहणाऱ्याने मारावेत तसे. त्याची नखं माझ्या दंडात घुसली, तिथलं मांस उचकटून निघालं. तीन मिनिटांत तो मेला. छाती दाबली तरी पाणी येतच राहिलं.

बाराच्या हजेरीला स्पीकर म्हणाला, "सातवा, सर्व ठीक, माणसं सहा."

आमच्या तळाशीलला एक रीत आहे. काळोखात, किनाऱ्यावर, कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. बुडून मेलेला माणूस एकदाच हाक मारतो, फार तर दोनदा. जिवंत माणूस तिसऱ्यांदा मारतो. तिसऱ्या हाकेला मात्र ओ द्यायलाच हवी, कारण ती गरजेची असते. हे मी त्या तिघांना सांगितलं. सेबॅस्टियनने गळ्यातला क्रूस बाहेर काढला. चीफ वैभववाडीकडचे, त्यांना समजावावं लागलं नाही.

"पहिल्या हाकेक गप रवायचा," ते म्हणाले. "कोणी तोंड उघडायचा नाय. कॅप्टनाक मी सांगतंय."

त्यांनी कॅप्टनना काय सांगितलं कोण जाणे, पण सगळ्या बोटीला हुकूम गेला: हजेरी बंद, स्पीकरवर कुणीही उत्तर द्यायचं नाही. चीफनी चार टॉवेल आणले. आम्ही ते तोंडावरून मानेमागे आवळून बांधले. लग्नाची वरात लुटणारे दरोडेखोर शोभलो असतो.

टॉवेल आणखी घट्ट बांधला असता तर कदाचित सेबॅस्टियन वाचला असता असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण टॉवेल काय करणार? साडेबाराला हाक आली, "सेबॅस्टियन." त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मान नकारार्थी हलत होती, आणि तरी त्या टॉवेलच्या आतून, त्या दोन्ही हातांच्या आतून, घसा म्हणाला, "येस." मी ते ऐकलं. एवढं हळू की दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. पाणी टॉवेलमधून झिरपायला लागलं तेव्हा चीफ सुरी घेऊन धावले, टॉवेल कापला. त्या घाईत सुरी सेबॅस्टियनच्या गालातून आरपार गेली. त्या भोकातूनही रक्ताऐवजी पाणीच आलं.

"सातवा, सर्व ठीक, माणसं सात."

यानंतर भुल्लरचं डोकं फिरलं. सातव्यातल्या चौघांत त्याचा गाववाला होता. तो दाराकडे गेला, टॉवेल ओरबाडून काढला आणि म्हणाला, "ज़िंदा हैं वो लोग. बार-बार हाज़िरी दे रहे हैं, सुनते नहीं? खोलो." आणि त्याने लिव्हरला हात घातला.

ते दार उघडलं असतं तर सहावा गेला असता, आणि दोन कप्पे भरल्यावर ती बोट पुन्हा कधी चिखलातून निघाली नसती. साठ माणसं होती आमच्या पुढच्या बाजूला. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने कोपर मागे हाणलं, माझे पुढचे दोन दात घशात गेले. चीफ त्याच्या हाताला लोंबकळले तर त्याने त्यांना मोटरीच्या कडेवर आपटलं आणि चीफचा खांदा निखळला. सगळं मुक्यानं चाललं होतं, कारण वर कान लावून बसलेले होते. लिव्हर दोन बोटं वर आला. दाराच्या कडेने पाण्याची एक पातळ धार सुटली आणि ती त्याच्या तोंडावर लागली, तेवढ्यात मला जाळीवर स्पॅनर सापडला. मी त्याच्या कानामागे घातला. तो वळला आणि मला म्हणाला, "यार, कोयंडे." मी पुन्हा घातला. मग आणखी किती वेळा ते मला माहीत नाही. चीफनी धड हाताने माझं मनगट धरलं तेव्हा मी थांबलो. स्पॅनरला केस चिकटले होते.

मी लिव्हर खाली दाबला. त्याच क्षणी स्पॅनर माझ्या हातातून सुटला आणि जाळीवर घणघणला.

वरच्या जहाजाने पंखे थांबवले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. मग पंखे जोरात सुरू झाले आणि बॉम्ब यायला लागले. पहिल्याने दिवे गेले. दुसऱ्याने आम्हाला छतावर फेकलं. माझी बरगडी मोडली ती तेव्हा. तिसरा, चौथा, पाचवा. बोट कुणी पिंपात घालून काठ्यांनी बडवावी तशी आपटत होती. पांडे आणि सेबॅस्टियनची प्रेतं आमच्या अंगावर येऊन पडत होती आणि दर हिसक्याला त्यांच्यातून पाणी उसळत होतं. अठरा मोजले. मग ते थांबले, पण गेले नाहीत.

लाल दिवा लागला. स्पीकर म्हणाला, "सातवा, सर्व ठीक, माणसं आठ."

कॅप्टन आले तेव्हा दोन वाजले होते. त्यांच्या कपाळावर रक्त सुकलं होतं. त्यांनी तिन्ही प्रेतं पाहिली, भुल्लरच्या डोक्यापाशी जरा थांबले आणि काही विचारलं नाही. चीफनी हातवारे करून, टॉवेलआडून, जे सांगायचं ते सांगितलं.

कॅप्टन माझ्यासमोर उकिडवे बसले. "एक गोष्ट मला समजत नाही, कोयंडे. आवाज तुझ्या मेव्हण्याचा. पांड्याला बोलावलं. सेबॅस्टियनला बोलावलं. तुला का नाही बोलवत? तू तर घरचा."

चीफनी तोंडावरचा टॉवेल खाली ओढला.

"सांग त्यांका," ते म्हणाले.

मी नकारार्थी मान हलवली.

"गुणाजी, सांग. मी लपवलंय ती माझी चूक. तुझ्या घराकडे बघान लपवलंय. पण आता तीन माणसा गेली."

"चीफ, माका काय सांगूचा नाय."

"बरां," ते म्हणाले. त्यांनी उजव्या हाताने निखळलेला डावा हात मांडीवर नीट ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. "मगे आता माझा नाव इला तर मी ओ देतलंय. तू बघ."

मला वाटलं, धमकी आहे. चीफ असे बोलायचे. शिस्त लावायला काहीही बोलायचे. घरी तीन मुली होत्या त्यांना. पाच मिनिटं गेली नसतील.

"रावराणे."

चीफनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. शाळेत मास्तर उत्तरासाठी थांबतात तसं थांबले. कॅप्टन आमच्या दोघांकडे बघत होते, त्यांना कळत नव्हतं काय चाललंय. मला बोलायचं होतं. देवाशपथ, मला बोलायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर मंजुळा आली आणि मी टॉवेलची गाठ आणखी आवळली.

"हाजीर," चीफ रावराणे म्हणाले, खणखणीत.

ते सगळ्यांत जास्त वेळ टिकले. पाणी येत असताना त्यांनी माझा पाय धरला होता. कॅप्टन त्यांची छाती दाबत होते आणि त्यांच्या भाषेत देवाचं नाव घेत होते. शेवटी चीफची पकड सुटली नाही, ती मला सोडवावी लागली, एकेक बोट मागे वाकवून.

तेव्हा मी तोंडावरचा टॉवेल काढून फेकला. स्पीकरचं बटण दाबलं, म्हणजे सगळ्या बोटीला ऐकू गेलं असणार, आणि बोललो.

पाणी उंबऱ्याला लागलं नव्हतं. आमच्या बाजूची जाळी कोरडी ठणठणीत होती. सातव्यात पाणी गुडघ्याएवढं होतं आणि जनू पाच पावलांवर होता. मी चौघांना चेंगरताना पाहिलं, पाणी येताना पाहिलं आणि माझी गाळण उडाली. मी दार ढकललं. त्याचा हात फटीत आला तेव्हा तो म्हणाला, "अरे, मी असंय." मी लिव्हर ओढला. चीफ ओरडले ते त्यानंतर. दार लावून झालंय हे त्यांनी पाहिलं आणि माझी अब्रू झाकायला हुकूम मागाहून दिला.

आणि नळी. कॅप्टननी सांगितलं म्हणून मी नळीला कान लावला तेव्हा जनू नळीच्या दुसऱ्या टोकाला होता. वर छतापाशी हवा राहिली होती, तिथे तोंड काढून बसला होता. त्याने मला हाक मारली, "गुणाजी." मी गप्प. त्याने पुन्हा हाक मारली. मग थोडा थांबला. मी काय विचार करत असेन ते त्याला ठाऊक होतं, तो माझ्याच वाडीतला. म्हणून त्याने तिसऱ्यांदा हाक मारली, सावकाश, नाव नीट सुटं करून. मी झाकण लावलं. ती ओ माझ्याकडे बाकी होती, म्हणून स्पीकरवर त्याने माझं नाव घेतलं नव्हतं. तो बाहेर आला असता तर बोटं नसलेला हात घेऊन घरी गेला असता आणि मंजुळेने विचारलं असतं, हे कुणी केलं.

मी बटण सोडलं. कॅप्टन माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओले हात चीफच्या छातीवरच होते.

स्पीकरमध्ये नुसता पाण्याचा आवाज होता. मग हाक आली.

"गुणाजी."

कसं सांगू, मला बरं वाटलं. मी तोंड उघडलं. ओ देणारच होतो, ती जिभेवर आली होती, तेवढ्यात कॅप्टन बलसारांनी मला आडवं पाडलं आणि मूठ माझ्या तोंडात कोंबली. मोडक्या दातांवर त्यांची हाडं घासली. मी चावलो. त्यांचं रक्त माझ्या घशात गेलं. मी लाथा झाडत होतो आणि ते पूर्ण वजनानिशी माझ्या छातीवर, त्या मोडलेल्या बरगडीवर, बसले होते.

"नाही," ते माझ्या कानात म्हणत होते. "तू नाही मरायचं. मेलास तर सुटलास. तू घरी जायचं, साल्या."

दुसरी हाक आली नाही.

तीन वाजता सातव्याची हजेरी आली नाही. चारलाही नाही. साडेचारला वरच्या जहाजांचे पंखे लांब लांब जात बंद झाले. सांज झाल्यावर आम्ही टाक्यांत हवा सोडली आणि बोट चिखलातून उपटून निघाली, शेपूट ओढत. बंदरात पोचायला दोन दिवस लागले. गोदीत सातवा उघडला तेव्हा मला तिथे उभं केलं होतं. चौघं टॉर्पेडोंखाली होते. जनू वर, छताखालच्या पाइपांत पाय अडकवून बसलेला होता. डाव्या हाताला त्याने सदऱ्याची पट्टी बांधली होती, दातांनी गाठ मारून.

कॅप्टननी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या हाताला टाके होते.

"अहवालात चीफचा हुकूम आधी येईल," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नाही. चीफच्या तीन मुलींसाठी. बाप खोटं बोलला आणि भुतामुळे मेला, असं मी त्यांना लिहू? पांड्याच्या आईला काय लिहू?"

"सर, मला शिक्षा द्या."

"शिक्षा मी नाही देणार. तुझ्या बहिणीला तू सांग. जसं स्पीकरवर सांगितलंस तसं. जा."

जानेवारीत मी तळाशीलला गेलो. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बांगड्यांवरून कावळे हाकलत मंजुळा बसली होती. तिने मला येताना पाहिलं आणि कावळे हाकलायचं थांबवलं. तार आधीच पोचली होती, तेव्हा तिला बातमी नवी नव्हती. आम्ही तिच्या पडवीत बसलो. तिने पाणी दिलं.

"कसा झाला ता सांग," ती म्हणाली.

आगगाडीत, एसटीत, होडीत, मी सगळं घोकून आलो होतो. खरं तेच घोकलं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"पाणी उंबऱ्यावरसून इला," मी म्हणालो. "हुकूम झालो. मी दार लावलंय. मगे आत कोण जितो नव्हतो."

तिने माझ्यापुढचं पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "दादा, ह्ये येवन गेले."

"खय?"

"हयच. त्या गुरवारी. दुपारची मी भांडी घाशी होतंय. भिजान चिंब होवन उभे रवले, डावो हात पाठीमागे धरान. माका सगळा सांगल्यानी. दार, नळी, सगळा."

वाडीतलं कुणीतरी बांगड्यांवरचे कावळे हाकलत होतं. मला तेवढंच ऐकू येत होतं.

"मगे माका कित्याक इचारलंस?" मी म्हणालो.

"तू काय सांगतंस ता बघूचा होता." ती उठली. घराच्या आतल्या अंगाला वळून तिने सासूला हाक घातली, "आये, भायर ये गो. दादा इलो हा. तुका सांगता काय झाला ता."

मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "तिका काय्येक म्हायत नाय. मी नाय सांगूक. ता तुझा काम."

जनूची आई भिंत चाचपत बाहेर आली. तिला एका डोळ्याने थोडंसं दिसायचं. ती माझ्यासमोर बसली, माझे दोन्ही हात शोधून तिने आपल्या हातांत घेतले. मंजुळा दारात उभी होती.

"सांग रे बाबा," म्हातारी म्हणाली. "माझ्या झिलाचा काय झाला?"

मी सांगितलं. पाणी उंबऱ्यावरून आलं, हुकूम झाला, मी दार लावलं.

म्हातारी रडली नाही. तिने माझा चेहरा चाचपला, पडलेल्या दातांच्या जागी ओठ आत गेलेला तिला लागला असावा, तिथे तिची बोटं जरा थांबली.

"हुकूम तो हुकूम," ती म्हणाली. "तुझो काय दोस? उलट माझ्या झिलाचा दार लावूक तुकाच किती जड गेला असात." आणि तिने माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि केसांवरून हात फिरवत राहिली.

ती हात फिरवत होती तोवर मंजुळा दारात उभी होती. मग ती आत गेली आणि तिने मला जेवायला वाढलं.